फायर ब्रिगेडच्या माणसांच्या पगारासाठी सरकारी ग्रांट मिळते का? पत्र लिहायचंय, माहिती हवीये

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. आमची बडोद्यातली पोळ (जुन्या शहरातली गल्ली-वस्ती) आणि आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्या मिळून आमदार आणि नगरसेवकांना एक पत्र द्यायचं ठरवलंय. विषय आहे फायर ब्रिगेडमधली माणसं. बंब नाही, माणसं.

आपण काय काय पाहिलं ते सगळ्यांना माहितीच आहे, २०१९ ला सुरतचं तक्षशिला झालं त्यात २२ जण गेले, मग २०२४ च्या जानेवारीत आपल्याच हरणी तलावात होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका, मे मध्ये राजकोटचं गेम झोन २७ माणसं, ऑगस्टमध्ये विश्वामित्री लोकांच्या घरात शिरली आणि नोव्हेंबरात कोयलीच्या रिफायनरीत आग, तिथे दोघं गेले. असं काही झालं की बातमी येते एवढे कोटी मंजूर, नव्या गाड्या येणार, उंच शिडीवाला प्लॅटफॉर्म येणार. बरं वाटतं वाचून, खोटं का बोला. पण त्या गाडीवर चढणार कोण, त्याचा पगार कुठून होणार, हे कुठल्याच बातमीत नसतं.

पोलिसांचं तसं नाही, २०२४ मध्ये राज्याने एका फटक्यात १२,४७२ जागांची जाहिरात काढली पीएसआय आणि लोकरक्षक (म्हणजे शिपाई) मिळून. मग फायरसाठी गांधीनगरहून किंवा दिल्लीहून माणसांच्या नावाने ग्रांट येते का? येत असेल तर तिचं नाव काय, आणि येत नसेल तर आम्ही नक्की मागायचं काय आणि कुणाकडे? नुसतं "स्टाफ वाढवा" लिहून दिलं तर फाईलला लागेल आणि तिथेच राहील. ज्यांना आतलं माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा.

वाडीवाला

पोलीस राज्याचे, बंब सेवासदनाचे म्हणजे आपल्या महापालिकेचे. पत्र आधी खंडेराव मार्केटला, तिच्या मुख्य कचेरीत द्या, आमदारांना कॉपी.

पेन्शनर_बडोदे

वाडीवाल्यांनी लिहिलं ते बरोबर आहे पण अर्धंच आहे, म्हणून थोडं लांब लिहितो. माझी सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या अकाउंट्समध्ये गेली (बडोदा नाही, दुसरं गाव) त्यामुळे ग्रांटचे कागद पुष्कळ हातातून गेलेत.

घटनेच्या सातव्या शेड्यूलमध्ये पोलीस राज्याच्या यादीत आहेत. त्यामुळे आपल्या शहराच्या पोलीस कमिशनरपासून चौकीतल्या कॉन्स्टेबलपर्यंत सगळ्यांचा पगार गृहखात्यातून होतो, सेवासदनाला त्यात एक रुपया घालावा लागत नाही. फायर मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या शेड्यूलमध्ये आलं, तिथल्या १८ कामांमध्ये सातवं काम फायर सर्व्हिस. आणि आपल्याकडे कॉर्पोरेशनचा जो जुना कायदा आहे १९४९ चा, त्यात कलम ६३ खाली आग विझवणं हे कॉर्पोरेशनचं बंधनकारक काम आहे, ऐच्छिक नाही. म्हणजे सेवासदनाला हे टाळता येत नाही, पण त्या कलमाबरोबर वेगळे पैसे येत नाहीत.

आता ग्रांट. केंद्राची एक मोठी योजना आहे, जुलै २०२३ मध्ये गृहमंत्रालयाने काढली, राज्यांच्या फायर सर्व्हिसचा विस्तार आणि आधुनिकीकरण, ५,००० कोटींची. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून आली, राज्याने स्वतःचे २५ टक्के घालायचे. त्यातले ५०० कोटी बक्षिसासारखे ठेवलेत, जे राज्य कायद्यात सुधारणा करेल त्याला. पैसा कशासाठी तर नवीन फायर स्टेशन, साधनं, गाड्या, ट्रेनिंग सेंटर, ऑनलाइन सिस्टीम. पगाराचं नाव नाही. पोलिसांसाठी जी आधुनिकीकरणाची योजना आहे तीही अशीच, हत्यारं गाड्या वायरलेस फॉरेन्सिक, शिपायाचा पगार राज्यानेच द्यायचा.

आणि वित्त आयोगाची जी ग्रांट शहरांना आणि गावांना मिळते तिच्यात तर लिहूनच ठेवलंय की मोकळी ग्रांटसुद्धा पगार आणि आस्थापना खर्चाला वापरायची नाही. दिल्लीचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पैसा दिला तर त्यातून काहीतरी उभं राहिलेलं दिसलं पाहिजे, पगारात मुरून जाऊ नये. पण फायरमध्ये माणूस हेच मुख्य साधन आहे आणि तोच ह्या हिशेबातून बाहेर पडतो. मला ह्या गोष्टीचा नोकरीत असताना फार त्रास व्हायचा आणि अजून होतो.

एक पैसा मात्र असा आहे जो पगाराला चालतो आणि ज्याची लोकांना आठवणच नाही. २००७ मध्ये गुजरातमध्ये कॉर्पोरेशनची जकात बंद झाली, नाके उठले, तेव्हापासून त्या बदल्यात राज्य सरकार दर वर्षी कॉर्पोरेशनला भरपाईची ग्रांट देतं. ती जनरल फंडात पडते आणि त्यातून महेकम म्हणजे मंजूर जागांचा खर्च करता येतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच, फायरच्या नावाने पगाराची ग्रांट नाहीये पण जकातीच्या बदल्यातला पैसा आहे आणि त्यातलं फायरला किती द्यायचं ते आपलीच स्टँडिंग कमिटी ठरवते.

मांजलपूरची_मी

काका खूप छान समजावलंत. माझं माहेर इंदूरचं, तिथे फायर ब्रिगेड कितीतरी वर्षं पोलीस खात्याकडेच होती, मोती तबेल्याच्या फायर स्टेशनवर पोलीस फायर म्हणूनच ओळख. म्हणजे फायरमनचा पगार राज्याच्या गृहखात्यातून. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला नवलच वाटलं की इथे बंबसुद्धा महापालिकेचा.

तमिळनाडू, कर्नाटक, केरळ, गोवा इथेही फायर हे राज्याचं खातं आहे. मग गुजरात सरकारनेच सगळी फायर ब्रिगेड ताब्यात घेतली तर प्रश्न एकदम सुटणार नाही का? पोलिसांसारखी भरती, पोलिसांसारखा पगार, बदल्या, बढत्या. आत्ता सेवासदनात शिकलेला मुलगा आयुष्यभर सेवासदनातच, छोट्या नगरपालिकेला तर शिकलेला माणूस मिळतच नाही. पत्रात हीच मागणी टाका असं मला वाटतं.

वाडीवाला

राज्याकडे गेलं की भरती होते असं नाही ताई. लोकरक्षकच्या मुलांना विचारा, जाहिरात मार्च-एप्रिल २०२४ ची, ग्राउंड म्हणजे शारीरिक चाचणी सुरू झाली जानेवारी २०२५ मध्ये, लेखी परीक्षा जूनमध्ये. आणि निवड झाली तरी पहिली पाच वर्षं फिक्स पगार. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ३० टक्के वाढवला तेव्हा तो महिना २६,००० झाला. चौकात उभे असतात ते ट्रॅफिक ब्रिगेडवाले तर रोजंदारीवर, २०२३ मध्ये दिवसाचे ३०० होते, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर हजारो जणांना काढायची ऑर्डर निघाली होती ती आरडाओरड झाल्यावर थांबली. पोलिसांकडे राज्याचा खजिना आहे तरी माणसांची ही परिस्थिती.

नागपूर_कोर्सवाला

मी सेवासदनात नाही, नंदेसरीच्या एका कंपनीच्या फायर टीममध्ये आहे, नागपूरच्या नॅशनल फायर कॉलेजमधून सब ऑफिसरचा कोर्स केलाय. पैसे कुठून येतात ते काकांनी सांगितलं, माणसं किती लागतात ते मी सांगतो कारण पत्रात हा आकडा नसेल तर कुणी सिरियसली घेणार नाही.

एका पाण्याच्या बंबावर ड्रायव्हर धरून सहा माणसं पाहिजेत, हे आम्हाला शिकवलं जातं. सहा कशाला? ड्रायव्हरच पंप चालवतो, तो गाडी सोडू शकत नाही. एक लीडिंग फायरमन, तो बघतो कुठून शिरायचं, वायरलेसवर बोलतो. धुरात आत जायचं तर श्वासाचा सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क) लावून कमीत कमी दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही, आणि आतल्या दोघांचं काही झालं तर त्यांना काढायला बाहेर सेट लावून दोघं तयार उभे पाहिजेत. झाले सहा. हवेचा सिलिंडर कागदावर अर्धा-पाऊण तासाचा असतो पण जिना चढून होज ओढत, घाबरलेल्या माणसाला धरून आणताना हवा त्याच्या कितीतरी आधी संपते. गाडीवर चारच आले तर काय होतं? बाहेरचे दोघं नसतात. म्हणजे मुलं आत जातात तीच मागे कुणी नाही हे माहीत असून. तरी जातात. मी जाताना पाहिलीयेत.

आता हिशेब बघा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरा, तर एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. सहा खुर्च्या म्हणजे एकवीस. त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग, कोर्टाची तारीख (हो, आगीच्या केसमध्ये साक्षीला जावं लागतं) हे धरलं तर पंचवीस. एका गाडीला पंचवीस माणसं! म्हणून जेव्हा पेपरात येतं अमुक स्टेशनला दोन नव्या गाड्या आल्या तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की ह्या पन्नास जणांची भरती कुठाय. भरती नसेल तर जुन्या गाडीवरची माणसं नवीन गाडीवर चढतात आणि जुनी शेडमध्ये उभी राहते, दोन्ही एकदम बाहेर निघू शकत नाहीत. काही ठिकाणी मग चोवीस तास ड्युटी चोवीस तास घरी असं लावतात, म्हणजे आठवड्याला सरासरी ८४ तास, पहाटे चारच्या कॉलला तो माणूस किती फ्रेश असणार.

केंद्राने काही वर्षांपूर्वी देशभरच्या फायर सर्व्हिसचा मोठा अभ्यास करून घेतला होता, २०११-१२ च्या सुमाराचा, त्यात गाड्यांची तूट ८० टक्के आली होती आणि माणसांची ९६ टक्क्यांच्या वर. गाड्यांपेक्षा माणसं जास्त कमी. तरी ग्रांट येते ती गाड्यांना.

आणि हो कुणीतरी म्हणणारच की आपल्याकडे शहराजवळ जरोदला एनडीआरएफची (केंद्राच्या आपत्ती दलाची) बटालियन आहे, रिफायनरी आहे, जीएसएफसी हा खताचा कारखाना आहे, त्यांच्या फायर टीम येतात. येतात, आणि आम्हीही जातो बोलावलं की. पण मांडवीच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर सिलिंडर पेटला तर पहिली दहा मिनिटं दांडिया बाजारची नाहीतर पाणीगेटची गाडीच असणार, बाकी सगळे नंतर.

एडिसन_एनजे

मूळचा राओपुऱ्याचा, आता न्यू जर्सीत. इथे पोलीस आणि फायर दोन्ही गावाचे असतात, गावाच्या टॅक्सवर चालतात, आणि म्हणून माणसांच्या पगारासाठी वरून ग्रांट देण्याची पद्धत इथे जुनी आहे. १९९४ च्या एका कायद्याने केंद्र सरकारने कॉप्स नावाचं ऑफिस उघडलं, देशभर एक लाख पोलीस रस्त्यावर वाढवायचे असं ठरवून. त्यातून नवीन पोलिसाचा पगार तीन वर्षं, ७५ टक्क्यांपर्यंत, एका माणसामागे जास्तीत जास्त सव्वा लाख डॉलर, उरलेलं गावाने घालायचं. फायरसाठी सेफर नावाची ग्रांट आहे, तीही तीन वर्षांची, साधारणपणे पहिली दोन वर्षं केंद्र ७५ टक्के देतं आणि तिसऱ्या वर्षी ३५. मॅसॅच्युसेट्समध्ये तर राज्य सरकारही मोठ्या गावांना पोलीस आणि फायरच्या स्टाफसाठी वेगळी ग्रांट देतं.

दोन गोष्टी मला ह्यातल्या तुमच्या पत्रासाठी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे अट अशी असते की गावाने आपला आधीचा खर्च कमी करून त्या जागी ग्रांटचा पैसा घालायचा नाही, ग्रांटने माणसं वाढलीच पाहिजेत. ही अट नसेल तर काय होतं ते पेन्शनर काका जास्त चांगलं सांगतील. दुसरी, ग्रांट संपल्यानंतर पण ती माणसं ठेवायची, पोलिसांच्या ग्रांटमध्ये निदान बारा महिने. आणि खरी अडचण तिथेच येते. तीन वर्षं झाली की पूर्ण पगार गावाच्या डोक्यावर, त्या वर्षी टॅक्स कमी जमला की सगळ्यात नवीन मुलांना घरी पाठवायची पाळी, ज्यांना शिकवण्यात तीन वर्षं गेली त्यांनाच. इथे अशी गावं आहेत. त्यामुळे नुसती "पगाराला ग्रांट द्या" अशी मागणी करू नका, नंतर कोण देणार हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

पेन्शनर_बडोदे

एडिसनकरांनी नेमकं बोट ठेवलं. आधीचा खर्च कमी न करण्याची अट आपल्याकडे माणसांच्या बाबतीत कुणी घालत नाही. मी असं बघितलंय की वरून एका खात्याला पैसा आला की बजेट करताना तिथला स्वतःचा आकडा हळूच खाली येतो आणि वाचलेले पैसे दुसरीकडे जातात. कागदावर कुठेच चूक सापडत नाही, आणि माणसं मात्र होती तेवढीच राहतात.

मांजलपूरच्या ताईंना सांगतो, राज्याने ताब्यात घ्यावं ही मागणी मोठी आहे, वाईट नाही. पण ती विधानसभेतली गोष्ट आहे, तुमच्या वस्तीच्या पत्रावर होणारी नाही. दहा वर्षं लागली तर तोवर काय करायचं? सेवासदनाचं बजेट मात्र दर वर्षी येतं. जानेवारीअखेरच्या सुमारास कमिशनर ड्राफ्ट स्टँडिंग कमिटीत मांडतात, मग फेब्रुवारीत सभेत चर्चा. तुमचं पत्र त्याच्या आधी पोहोचलं पाहिजे, मार्चमध्ये दिलेल्या पत्राचा उपयोग नाही.

मांजलपूरची_मी

पटलं काका. पण मग शहर वाढलं त्याचंही लिहा ना. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला अशी सात गावं सेवासदनात घेतली. तिथे आता एवढ्या उंच बिल्डिंगी झाल्यात, माझी बहीण भायलीत नवव्या मजल्यावर राहते. हद्द वाढली त्या दिवशी टॅक्सची हद्द वाढली, मग फायरच्या मंजूर जागा त्या हिशेबाने वाढल्या का हे विचारायला हवं. आणि मुलींची भरती. इमारतीतून बायकांना, बाळंतिणींना उतरवताना बाई असली तर फरक पडतो, पुराच्या वेळी मी स्वतः पाहिलंय, आमच्याकडच्या एक आजी होडीत बसायलाच तयार नव्हत्या कारण हात द्यायला सगळे पुरुष.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री बसून कच्चा मसुदा केलाय, वाचा आणि सांगा.

पत्र म्युनिसिपल कमिशनर आणि स्टँडिंग कमिटीच्या चेअरमनना, कॉपी आमदार आणि वॉर्डाच्या चारही नगरसेवकांना. पहिली मागणी, प्रत्येक फायर स्टेशनची मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि एका पाळीत प्रत्यक्ष गाडीवर किती माणसं असतात हे सेवासदनाने वेबसाइटवर टाकावं. दुसरी, इथून पुढे केंद्राच्या किंवा राज्याच्या ग्रांटमधून एकही गाडी घेताना त्याच ठरावात तिच्यासाठी लागणाऱ्या माणसांच्या जागा मंजूर कराव्यात, गाडीमागे पंचवीसच्या हिशेबाने. तिसरी, जकातीच्या बदल्यात येणाऱ्या ग्रांटमधला ठरावीक हिस्सा फायरच्या पगाराला बांधून द्यावा आणि फायरचं स्वतःचं बजेट त्यामुळे कमी करू नये. आमदारांकडे वेगळी मागणी, राज्याने पहिली काही वर्षं नवीन भरतीचा अर्धा पगार द्यावा आणि त्यानंतर सेवासदन तो उचलेल असं लेखी घ्यावं. सात गावं आणि मुलींची भरती हे मुद्देही घातलेत. भाषा गुजरातीत करणार, नाहीतर टेबलावर कुणी वाचायचं नाही.

नागपूर_कोर्सवाला

दुसऱ्या मागणीत एक दुरुस्ती करा दादा. पंचवीस हा आकडा साध्या पाण्याच्या बंबाचा आहे. उंच प्लॅटफॉर्मच्या गाडीला एवढी माणसं नको पण तिच्यावर ट्रेनिंग झालेला ऑपरेटर प्रत्येक पाळीत पाहिजेच, नाहीतर शिडी उघडणारच कोण. म्हणून "गाडीच्या प्रकाराप्रमाणे तीन पाळ्यांची माणसं, रजेची राखीव धरून" असं लिहा. आणि "माणसं" म्हणजे कायम माणसं हे स्पष्ट लिहा. अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर मुलगा येतो, जरा हात बसतो तोवर कॉन्ट्रॅक्ट संपतं, तो कंपनीत निघून जातो. आमच्याकडेच येतात, चांगली मुलं असतात. शहराने शिकवायचं आणि आम्ही घ्यायचं हे बरं नाही वाटत.

पेन्शनर_बडोदे

मसुदा चांगला झालाय. पत्राच्या आधी आरटीआय टाका, पहिल्या मागणीतली माहिती तुमच्या हातात आली तर पत्राला वजन येईल. गुजरातमध्ये फी २० रुपये आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न मोघम विचारू नका, "स्टाफ पुरेसा आहे का" विचारलं तर उत्तर येतं "होय". अमुक तारखेला अमुक स्टेशनच्या तीन पाळ्यांच्या हजेरी रजिस्टरची नक्कल द्या, असं मागा. शिवाय गेल्या पाच वर्षांच्या बजेटमधला फायरचा पगाराचा आकडा आणि साधनांचा आकडा, मंजूर आणि प्रत्यक्ष खर्च दोन्ही. मंजूर आकडा मोठा आणि खर्च लहान असेल तर समजा जागा कागदावर आहेत, भरल्या नाहीत. मग ग्रांटचा प्रश्नच नाही, पैसा पडून आहे आणि भरती अडलीये, तेव्हा पत्राचा सूर बदलावा लागेल.

दांडियाबाजारकर

हे फार कामाचं सांगितलंत काका. तिसरी मागणी उत्तर येईपर्यंत थांबवतो, बाकीच्या दोन तशाच. अर्ज ह्या आठवड्यातच देतो म्हणजे डिसेंबरच्या आत नकला हातात येतील. रजिस्टर आलं की इथेच आकडे टाकीन, कोर्सवाले भाऊ तुम्ही तेव्हा पाळीप्रमाणे बघून द्याल ना?

नागपूर_कोर्सवाला

नक्की. शनिवारी माझी दिवसपाळी असते, संध्याकाळी सातनंतर कधीही बसू. दांडिया बाजारलाच येतो.